काठीवरची खूण

सावनी,

टँकर घेऊन करमाडकडं निघालो. भाकरी बांधून घेतलीय, आईला माझ्यासाठी जेवायला थांबू देऊ नको.

तुझा भाऊ सुयश माझा फोन उचलत नाय, तुझा उचलतो. त्याला सांग, गाडी मिस्त्रीला दाखवली. मिस्त्री म्हणतो, ऑक्सिजन सेन्सर गेला असंल, म्हणून गाडी काळा धूर सोडती अन् डिझेल लई पिती. नवा मिळेपर्यंत अशीच चालवायची, औंदा पाण्याच्या खेपेला खाडा करता येत नाय.

सुयश गाडीतच खोट हाय म्हणत होता. मी मात्र 'तू डिझेल विकतोस' म्हणालो, अन् रोज खेप झाली की किती डिझेल उरलं ते बघायला त्याच्यादेखत टाकीत काठी बुडवून चाकूनं खूण करत गेलो. तो घर सोडून कंपनीत लागल्यापासून महिनाभर मीच चालवतोय. काल खेप झाल्यावर तीच काठी बुडवली. त्याच्या खुणेला माझी खूण तंतोतंत लागली.

रोज शेंद्र्याला त्याच्या कंपनीच्या गेटावरून गुपचूप जातो. आज हॉर्न वाजवीन. बाहेर नाय आला तरी चालंल, म्हणावं.

अण्णा