माझ्या नावावरचे बदल

३ जून, सोमवार
आज मीटिंगमध्ये हात वर केला. आमच्या सलाईन-पंपाचा सगळा कोड आजवर बाहेरच्या सर्व्हरवर ठेवत आलोय. साहेबांना म्हटलं, परक्याच्या घरात आपले दागिने कशाला? आपला सर्व्हर आपल्या ऑफिसात हवा. मी बसवतो, दोन दिवस पुरे. साहेबांनी विचारलं, तुम्हाला येतं का? म्हटलं, त्यात न येण्यासारखं काय आहे.
टेस्टरबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. पंपाचं प्रत्येक बटण त्या स्वतः दाबून बघतात. हसूसुद्धा टेस्ट केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.

४ जून
स्टोअररूममधला जुना कॉम्प्युटर ताब्यात घेतला. त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, आणि त्यात लिनक्स. पहिल्याच फटक्यात झालं. (आधीचे चार धरले नाहीत.)
संकल्प: सूचना पूर्ण वाचून मगच कमांड मारायची.
दुपारी ४: सूचना फार लांब आहेत.

६ जून
फायरवॉल कोणालाच आत येऊ देईना. मलाही. बंद केली. तात्पुरती.
पासवर्ड सोपा ठेवलाय. तोही तात्पुरता.

७ जून, शुक्रवार
चालू झाला. सगळा कोड नव्या सर्व्हरवर आणला. सहा माणसांचं चार वर्षांचं काम. साहेबांनी पाठ थोपटली. घरूनही काम करता यावं म्हणून बाहेरचं दार उघडं ठेवलंय. बायकोने विचारलं, घरी तू कधी काम केलंयस? पुढचा विचार सगळ्यांनाच जमतो असं नाही.
फायरवॉल सोमवारी.

१० जून, सोमवार
सर्व्हरचा लॉग पाहिला. शनिवार-रविवारात अकरा हजार वेळा कोणीतरी आत यायचा प्रयत्न केलाय. श्रमाचं चीज झालं. शेजारी बसणाऱ्या दाढीला दाखवलं. तो म्हणाला, अहो, हे लोक तुमचा पासवर्ड शोधताहेत. म्हटलं, शोधू देत. अकरा हजार वेळा सापडला नाही, याचा अर्थ काय तो तूच काढ.

११ जून
आज लॉग शांत. एकही प्रयत्न नाही. कंटाळले बिचारे.

१३ जून, गुरुवार
टेस्टरबाई माझ्या खुर्चीपाशी आल्या. असं कधी होत नाही. म्हणाल्या, थेंब मोजण्यातली ती चूक तुम्ही काढलीत, फार छान काढलीत. ती दोन वर्षं कोणाला सापडत नव्हती.
मला आठवेना. सर्व्हरवर पाहिलं. कोडमधला तो बदल माझ्या नावावर, काल दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. म्हणजे मीच. थँक यू म्हटलं. काम अंगात मुरलं की हात आपोआप चालतात.
एक वीसला मी कॅन्टीनमध्ये असतो. सर्व्हरचं घड्याळ चुकीचं असणार.

१७ जून, सोमवार
आणखी नऊ बदल. सगळे माझ्या नावाने, सगळे जेवणाच्या सुट्टीत. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, यांच्याकडून शिका. दाढी दिवसभर बोलला नाही.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, पण तू नक्की काय केलंस? मी विषय बदलला.

१९ जून
आज कॅन्टीनला गेलो नाही. एकपासून स्क्रीनसमोर बसलो, दोन्ही हात मांडीवर ठेवून. एक वीसला माझ्या नावाने बदल आला. मी बघत होतो. सात मिनिटांनी दुसरा आला. मधला वेळ विचार करणाऱ्या माणसाला लागतो तेवढा.
सर्व्हर माझी जुनी कामं हळूहळू पुढे सरकवत असेल. असं होत असणार.
पासवर्ड बदलला.

२० जून
एक वीस. बदल आला. प्रत्येक बदलासोबत काय केलं ते एका ओळीत लिहायची पद्धत आहे. आजच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की नवा पासवर्ड आधीपेक्षा बरा आहे.
जेवलो नाही.

२१ जून, शुक्रवार
सोमवारी नवा प्रोग्रॅम हॉस्पिटलच्या चाळीस पंपांत जाणार. साहेबांनी सही केली. मी कोणाला काही सांगितलं नाही. बदल चांगलेच आहेत. टेस्टरबाईंनी तपासलेत. शिवाय आता सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची?
टेस्टरबाईंनी विचारलं, थेंबांचं ते गणित मला एकदा समजावून द्याल का? म्हटलं, सोमवारी.

२३ जून, रविवार
मावशीला बघायला हॉस्पिटलात गेलो. तेच हॉस्पिटल. खाटेशी आमचा पंप. नळीत थेंब पडत होता, आकडा बदलत होता. मावशी पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती, हे मशीन माझ्या भाच्याने केलंय. नर्स म्हणाली, उद्या याच्यात नवा प्रोग्रॅम घालणार आहेत. मावशी म्हणाली, मग पहिला मलाच घाला, आमच्या घरचाच आहे.
मी तिचा हात धरून बसलो. सुई लावलेला.
जिन्यात येऊन टेस्टरबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणजे फायरवॉल, पासवर्ड, कॅन्टीन, आणि ते थँक यूसुद्धा. त्या म्हणाल्या, आत्ता ऑफिसात जा आणि त्या मशीनची वायर काढा. पाया मात्र पडू नका, मी साहेबांना कळवते.
पाया पडत नव्हतो. आवाज तसा लागला असेल.

२४ जून, सोमवार
प्रोग्रॅम गेला नाही. माझा सर्व्हर बंद. बाहेरच्या सर्व्हरवरचा जुना कोड टेस्टरबाईंनी तेव्हा काढू दिला नव्हता, तिथून पुन्हा सुरुवात. साहेब माझ्याशी बोलले नाहीत. दाढी पहिल्यांदाच नीट बोलला, त्याने जास्त लागलं.
मला काम एकच. माझ्या नावावरच्या अठ्ठावीस बदलांतले खरोखर माझे कुठले, त्यांवर खूण करायची. संध्याकाळपर्यंत सात निघाले. टेस्टरबाईंनी विचारलं, ओळखलेत कसे?
म्हटलं, चुकांवरून.
त्यांनी मान हलवली. सगळे बदल त्यांनी दिवसभर दाबून, उलटून, पुन्हा चालवून पाहिलेत. उरलेल्या एकवीसांतल्या एकातही चूक नाही. त्या म्हणाल्या, इतकं चांगलं काम कोणी फुकट कशाला करेल, हे कळेपर्यंत मला झोप येणार नाही.