कलम नऊ : सचिवालय कुणाकडे

७ ऑक्टोबर, मंगळवार
मस्कतबरोबर आठवा कॉल. करार होत आला. एकीकडे आमची, अमिरातीतल्या आयटी कंपन्यांची संघटना, दुसरीकडे त्यांची, ओमानची. मुख्य वाक्य दोघांनाही मान्य : एका देशात परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या इंजिनिअरला दुसऱ्या देशात पुन्हा परीक्षा नाही. या एका वाक्याला चार वर्षं लागली. निम्मा वेळ तारखा जुळवण्यात गेला असेल. आमची सुट्टी शनि-रवि, त्यांची शुक्र-शनि. आठवड्यातले चारच दिवस दोघांचे.

शेवटी कलम नऊ. दोन्ही देशांचं मिळून एकच सचिवालय, ते अबू धाबीत. मस्कतचं कार्यालय बंद. मीच लिहिलंय. आमच्या सरचिटणीस मरियम म्हणाल्या होत्या, छोटं आणि स्वच्छ लिही. चार ओळींत बसवलं. आज सगळ्यांनी मान डोलावली. तिकडून इक्बालभाईंनी ते कलम मोठ्याने वाचलं, एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं आणि दहाव्यावर गेले.

कॉल संपल्यावर लक्षात आलं. मस्कतचं कार्यालय म्हणजे इक्बालभाई. दुसरं कोण आहे तिथे?

८ ऑक्टोबर, बुधवार
दिवसभर त्यांच्या फोनची वाट पाहिली. आला नाही. मीही केला नाही.

पहिल्या वर्षी एका मीटिंगमध्ये मी माईक बंद करायला विसरले आणि "अगं बाई, फाईल कुठे गेली" म्हणाले. पलीकडून शांतपणे मराठीत आलं, "ताई, दुसऱ्या फोल्डरमध्ये बघा." इक्बालभाई रत्नागिरीचे. सव्वीस वर्षं मस्कतमध्ये. तेव्हापासून मीटिंगमध्ये इंग्रजी, मीटिंगनंतर मराठी.

१३ ऑक्टोबर, सोमवार
इक्बालभाईंचा फोन आला. आधी पुढच्या बैठकीचं बोलले, कागदपत्रांचं बोलले. मग,
"मेधाताई, नववं कलम तुमचं ना? भाषा ओळखली मी."
मी हो म्हणाले. माफी मागायला गेले तर त्यांनी मध्येच थांबवलं. त्यांचं म्हणणं एवढंच की बैठकीत ते याला विरोध करणार नाहीत. केला तर सगळे म्हणतील, माणूस स्वतःच्या नोकरीसाठी बोलतोय.
"आणि खरंच तसं असेल की नाही, ते मलाही सांगता येणार नाही. म्हणून गप्प."

नोकरी गेली की व्हिसा गेला. हे ते बोलले नाहीत. इथे बोलायला लागत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
शिरीष रुवैसच्या प्लांटवरून सुट्टीला घरी आला. पाच दिवसांचे कपडे मशीनमध्ये टाकून आधी झोपला. संध्याकाळी चकल्यांची भाजणी घ्यायला गेलो तेव्हा गाडीत त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू लिहिलं नसतंस तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. खरं आहे. तरी त्याने बरं वाटलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पाडवा. तरी ऑफिस आणि वर अल ऐनची बैठक. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लहान कंपन्यांना करार समजावून सांगायचा होता. मी खलिफा सिटीतल्या घरून गाडीने गेले. पलीकडून बुरैमीहून सात-आठ जण आले. ओमानी मंडळी ओळखपत्र दाखवून सरळ आत. त्यांना घेऊन येणारे इक्बालभाई मात्र ऑनलाईन व्हिसाची प्रिंट हातात धरून सगळ्यांत शेवटी. चार वर्षांत आज पहिल्यांदा प्रत्यक्ष भेट. स्क्रीनवर वाटतात त्याहून बुटके. दिवाळीचा म्हणून हलव्याचा डबा दिला मला.

रैया नावाची मुलगी भेटली, तिशीच्या आतली, बुरैमीची. जनावरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. उंटांच्या लसीकरणाच्या नोंदी, वंशावळी. पाच माणसांची कंपनी. अल ऐनमधला मोठा दवाखाना तिचं काम घ्यायला तयार आहे. तिच्या ऑफिसपासून गाडीने बारा मिनिटं. पण परवाना ओमानचा. इकडची परीक्षा दोनदा हुकली, एकदा फॉर्म चुकला, एकदा बाळंतपण. तिसऱ्यांदा फॉर्म भरताना इक्बालभाई मस्कतहून चार तास गाडी चालवून तिच्याकडे गेले होते. हे तिने सांगितलं, त्यांनी नाही.

करार ऐकून तिला आनंद झाला. मग विचारलं, "यापुढे अडलं तर फोन कुणाला करायचा?"
मी म्हणाले, अबू धाबीच्या कार्यालयाला.
तिने मान हलवली, नाव लिहून घेतलं माझं. पण बघितलं इक्बालभाईंकडे. ते कॉफीचे कप गोळा करत होते.

येताना दीड तास गाडीत रेडिओ लावला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
इराला विचारलं, बारावी इथेच करायची ना? ती म्हणाली, "ऑब्व्हियसली, आई. व्हाय?" सहज विचारलं म्हणून सांगितलं.

सहज नव्हतं. दुपारी वहीत एक पर्याय लिहून पाहिलाय. सचिवालय आळीपाळीने. दोन वर्षं एका शहरात, दोन वर्षं दुसऱ्यात. जिथे सचिवालय नसेल तिथे एक संपर्क अधिकारी, स्थानिक भाषा आणि स्थानिक कंपन्या ओळखणारा.
याचा दुसरा अर्थ : मस्कतची पाळी आली की माझं पद संपलं. संपर्क अधिकारी इथे अरबी बोलणारा लागेल. मला "यल्ला" आणि "खलास"च्या पुढे अरबी येत नाही, सोळा वर्षांत आली नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
मरियमना पर्याय दिला. त्यांनी दोनदा वाचला. विचारलं, हे त्याच्यासाठी आहे का? तुम्ही दोघं एकच भाषा बोलता हे मला पहिल्यापासून माहीत आहे.
मी म्हणाले, सुरुवात त्यांच्यापासून झाली, पण अल ऐननंतर फक्त त्यांच्यासाठी राहिलं नाही. रैयाचं सांगितलं. इथे बसून ओमानमधली बुरैमीची, निझवाची माणसं मला कळणार नाहीत, आणि ज्यांच्यासाठी करार करतोय ती हीच माणसं आहेत, असं काहीसं. 
"आणि दोन वर्षांनी तू?"
"माहीत नाही."
सोमवारपर्यंत विचार कर म्हणाल्या. मागे घ्यायचा असेल तर मी हा कागद बघितलाच नाही.

त्यांना घाई नव्हती, हे आज विशेष वाटलं. दाराशी परत थांबवून विचारलं, मुलगी कितवीत आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
शि.ला पर्यायाचं सांगितलं, तो चिडला. आवाज चढवला नाही, पण जेवताना ताटाकडेच बघत होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी रिन्यू होतं, या वर्षी त्याच्या प्लांटमध्ये कपातीची चर्चा आहे, इराच्या शाळेची फी माझ्या पगारातून जाते. सगळं बरोबर. मी त्याला पोळी वाढली.
"मला आधी विचारायला हवं होतंस," एवढंच शेवटी.
हो. हवं होतं.

इराने सगळं ऐकलं असावं. खोलीतून म्हणाली, "सो यू बेसिकली फायर्ड युअरसेल्फ?" शि.ला हसू आलं. मग मलाही. जेवण झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार
इक्बालभाईंना फोन करून पर्यायाचं सांगितलं. वाटलं होतं, आनंद होईल. कुठेतरी आभाराची अपेक्षाही होती, खोटं कशाला लिहू.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,
"ताई, मी अठ्ठावन्नचा आहे. तुमची दोन वर्षं आधी झाली की मी साठीचा. तेव्हा मला कोण ठेवणार? तोवर संपर्क अधिकाऱ्याच्या जागेवर ओमानी माणूस येईल, आणि तो यायलाच हवा."
मी हिशोबच केला नव्हता. चार वर्षं बोलतोय, वय कधी विचारलं नव्हतं.
"तुम्ही माझ्यासाठी नुकसान करून घेत असाल तर आजच मागे घ्या. मला ते पेलणार नाही. कलम योग्य वाटत असेल तर गोष्ट वेगळी."
मग विषय बदलला. बायकोला सांगून ठेवलंय म्हणाले, कार्यालय आवरून मार्चमध्ये रत्नागिरीला घरी जायचं. तिने माडीवरची खोली झाडूनसुद्धा घेतली. मुलगा म्हणतो, अब्बा करमणार नाही तुम्हाला.
"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.
"मलापण तेच वाटतं."

९ नोव्हेंबर, रविवार
शि. आणि मी कॉर्निशवर चालायला गेलो. हवा बदलली आहे, आता बाहेर पडता येतं. मी म्हणाले, आता यातून इक्बालभाईंचं काही होत नाही. मग मागे घेऊ का?
त्याने पाण्याकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या उंटवाल्या मुलीचं होतंय ना?"
मी हो म्हणाले.
"मग मला कशाला विचारतेस?" पण हात धरला.

१० नोव्हेंबर, सोमवार
मरियमना सांगितलं, कागद राहू दे. त्यांनी मान हलवली आणि फाईलमध्ये ठेवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दोन्ही मंडळांची एकत्र ऑनलाईन बैठक. कलम नऊ बदललं. आळीपाळी मंजूर. मला वाटलं होतं, तासभर वाद होईल. अकरा मिनिटं. आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, दुसऱ्या देशात गेलेलं काम आपल्या सभासदांना कसं दिसेल. मस्कतच्या अध्यक्षांनी उत्तर दिलं, जसं जुन्या कलमात आमच्या सभासदांना दिसलं असतं तसं.  मग सगळे हसले.

पण एक गाठ राहिली. पहिली दोन वर्षं कुणाची? आमचे म्हणाले अबू धाबी, ते म्हणाले मस्कत. शेवटी ठरलं, दोन्हीकडचे मुद्दे मांडून सचिवालयाने एक टिपण करावं, शिफारशीसह.
सचिवालय म्हणजे मी.
मरियमनी नंतर बोलावलं. दुसऱ्या कुणाला देऊ का म्हणाल्या. मी नको म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

मस्कत पहिलं आलं तर इक्बालभाईंना पूर्ण दोन वर्षं, निवृत्तीपर्यंत. आणि करार लागू झाला की मी जानेवारीत मोकळी. अबू धाबी आलं तर इरा बारावी करते, आणि ते मार्चमध्ये माडीवर.

१९ नोव्हेंबर, बुधवार
इक्बालभाईंना विचारलं, टिपण दोघांनी मिळून करू या का. ते म्हणाले, शिफारशीत मी नाही, पण मुद्दे लिहून पाठवतो. उद्यापासून त्यांच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, म्हणून आजच बसतो म्हणाले.

२४ नोव्हेंबर, सोमवार
त्यांचे मुद्दे सकाळी उघडले. सात आहेत. मनुष्यबळ, जागा, तयार यंत्रणा, सभासदांची संख्या. क्रमाने, नेटकं. सातही अबू धाबी पहिलं असावं या बाजूचे.

मी माझे शुक्रवारीच लिहून ठेवले होते. नऊ. ते काढून शेजारी ठेवले. पहिल्यांदा एकदम नीट वाचले तेव्हा दिसलं, नऊही मस्कतच्या बाजूचे.

आम्ही ठरवलं नव्हतं. त्यांना फोन करून सांगावंसं वाटलं, नंबरही लावला, पण वाजायच्या आत ठेवला.

दोन्ही याद्या टिपणात आहेत तशा घातल्या, एकही शब्द न बदलता. कोणते मुद्दे कुणाचे, ते लिहिलं नाही. उद्या दहाला मरियमच्या टेबलावर हवंय. सगळं झालंय. शेवटची ओळ राहिली आहे.

शिफारस :