अहो, तुमचं जहाज वाकडं झालंय

प्रिय अहो,

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आपलं जे काय भांडण व्हायचं ते समोरासमोर. आता ओरडायला तुम्ही नाही, आणि आज कॅन्टीनमध्ये माझ्या हातून जे झालं ते चाळीत कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून लिहायला बसलेय. शिवाय तुमचं जहाज वाकडं झालंय, तेही तुम्हालाच सांगायला हवं.

हो, जहाज! तुमच्या जर्मन साहेबानं मायदेशी परत जाताना दिलेला तो खोका मी शेवटी उघडला. पलंगाखाली नुसता धूळ खात पडला होता. "रिटायर झालो की निवांत करू," म्हणायचात. आणि मी हसायची, की तुम्ही साताऱ्याकडचे, मी परभणीची, दोघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नाही आणि जहाज कसलं करताय?

तुम्ही गेल्यावर माझे हात जागेवर राहीनात हो. भाकरी थापता थापता परात आपटायची. भिंतीवरचा आरसा फोडला. एकदा गॅलरीतली तुळशीची कुंडी उचलून खाली भिरकावली, ती खालच्या काकूंच्या डोक्याला थोडक्यात चुकली. काकू वर येऊन भांडल्या नाहीत, माझ्याकडे बघून रडल्या. त्या दिवशी ठरवलं, या हातांना कापायला काहीतरी द्यायचं.

खोक्यात काय काय होतं सांगू? प्लायवूडवर छापलेले आकार, पातळ पट्ट्यांच्या जुड्या, पितळेचे बारीक खिळे, दोरा, मोठा नकाशा आणि जर्मन भाषेतलं पुस्तक. अक्षर कळत नाही, चित्रं कळतात. आधी जहाजाचा कणा कापायचा. त्यात खाचा पाडून बरगड्या बसवायच्या, त्यावर डेकची फळी आणि मग बाहेरून पट्ट्या. मी मेलीनं कधी पेन्सिलला टोक नीट केलेलं नाही! पण तुमची पटाशी हातात धरली आणि लाकूड सोलून निघालं तेव्हा बरं वाटलं. प्रत्येक ठोक्याला मी सदाचं नाव घेत होते.

सदा. तुमच्या पॅटर्न शॉपमध्ये तुमच्या हाताखाली लाकडी साचे करायला शिकलेला, दर रविवारी आपल्याकडे माझ्या हातचं जेवणारा सदा! नवी युनियन आली, तो तिकडे गेला, तुम्ही जुन्या युनियनमध्येच राहिलात. शिफ्ट सुटताना गेटवर दोन्हीकडचे भिडले आणि त्यानं तुमच्या डोक्यात सळई घातली. अख्ख्या शिफ्टनं पाहिलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा एकानंही पाहिलेलं नव्हतं. कुणी म्हणे धूळ होती, कुणी म्हणे गर्दी होती. कॅन्टीनचे पवारमामा मला भेटायला आले, रडता रडता त्याचं नाव बोलून गेले आणि जाताना म्हणाले, "पोरी, माझं नाव घेऊ नकोस."

तुमच्यावरही राग आहे माझा. त्या सकाळी डब्याच्या पिशवीत सायकलची चेन कुणी ठेवली होती? मी विचारलं तर, "असू दे, नुसता धाक दाखवायला." कुणाला धाक दाखवायला निघाला होतात तुम्ही? ज्याच्या पानात मी तूप वाढत होते त्यालाच ना? तुम्ही कमी मारलंत म्हणून तुम्ही मेलात की तो जास्त चपळ होता, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

कंपनीनं तुमच्या जागी मला कॅन्टीनमध्ये घेतलं. आणि त्याच रांगेत रोज तो ताट घेऊन उभा! बोलत नाही, मान वर करत नाही. मी भात वाढते, आमटी वाढते. पळी गच्च धरून ठेवते, कारण ती सैल धरली तर काय होईल याची मलाच भीती वाटायची. घरी येऊन पटाशी धरली की मग श्वास मोकळा व्हायचा. जहाजानं मला रोज असं थोपवून धरलं होतं, खरं सांगते.

आणि तेच जहाज चुकलं! कण्यावर खाचा छापलेल्या नव्हत्या, त्या कुठे पाडायच्या ते नकाशात आकड्यांनी दिलं होतं. मी तुमच्या पेटीतली पोलादी पट्टी घेतली, जिला तुम्ही मला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता. डोळ्यांत तेल घालून मापं घेतली, खाचा पाडल्या, बरगड्या सरसानं चिकटवल्या. डेकची फळी तिकडूनच कापून आलेली, ती वर ठेवते तर बसेना. पुढून जुळवावी तर मागे चुकते, मागून जुळवावी तर पुढे! जोर लावला तर एक बरगडी कडकन मोडली. मग दुसरी मी मुद्दाम मोडली.

पॅटर्न शॉपमधले म्हातारे काका जेवायला आले की त्यांना विचारावं, म्हणून आज कणा आणि पट्टी पिशवीतून नेली आणि काउंटरच्या कडेला काढून ठेवली. मामांनी आमटीचं पातेलं नुकतंच उतरवून माझ्यापुढे ठेवलं होतं, अजून उकळ्या फुटत होत्या. काकांच्या पुढे रांगेत सदा होता. त्यानं पट्टी पाहिली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"वहिनी, ही पट्टी साच्याची हाय. हिच्यावरचं माप जरा मोठं असतं."

"म्हणजे?"

"ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं. म्हणून साचा आधीच जरा मोठा करायचा. त्यासाठी ही पट्टी. दुसऱ्या कामाला ही चालत न्हाई." त्यानं पट्टीवर हात ठेवला, अगदी मायेनं. "मला त्यांनीच शिकवलं व्हतं, पहिल्या दिवशी."

त्यांनीच! त्याच्या तोंडून तुम्ही!

मी पळी बुडवली आणि त्या हातावर ओतली. पुन्हा बुडवली, पुन्हा ओतली. त्यानं हात काढून घेतला नाही हो! दात आवळून उभा राहिला. कातडी वर आली तेव्हा काकांनी त्याला ओढून बाजूला घेतलं. सगळी रांग बघत होती. सुपरवायझर धावत आला, तसे मामा मोठ्यानं म्हणाले, "पळी निसटली हो पोरीच्या हातातून!" आणि सदाही म्हणाला, "व्हय. निसटली." रांगेतल्या एकूण एक माणसानं मान डोलावली.

मला हलकं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. सुटताना मामा कानाशी येऊन म्हणाले, "फिटलं आता, शालन. गप बस." काय फिटलं? तुमच्या कवटीची भरपाई दोन पळ्या आमटीत झाली? आणि त्यानं गुपचूप सोसलं म्हणून तो साव झाला? माझा राग होता, तेवढाच तर माझा उरला होता, तोसुद्धा त्यांनी 'पळी निसटली' म्हणून पुसून टाकला!

बसमध्ये एकदम लक्षात आलं. आज मला वाचवायला जी माणसं आंधळी झाली, तीच त्या दिवशी गेटवर आंधळी झाली होती. तेव्हा त्यांना मी सशासारखी भ्यायलेली, विकली गेलेली माणसं म्हणत होते. आज त्यांनी माझ्यासाठी अगदी तेच केलं, आणि मीही गप्प उभी राहिले. उद्या मी तशीच गप्प राहिले तर तुमच्यासाठी ओरडायचा मला काय अधिकार राहील, सांगा?

येताना चिंचवडच्या बाजारातून शाळेतल्या मुलांची साधी लाकडी फूटपट्टी आणली. उरलेल्या प्लायवूडमधून नवा कणा निघेल असं वाटतंय. तो घाईनं करणार नाही. आधी दुसरं काम आहे.

उद्या सकाळी शिफ्ट भरली की मी सरळ मॅनेजरसाहेबांसमोर जाणार. सांगणार, की पळी निसटली नाही, मी ओतली, दोनदा ओतली, आणि का ओतली ते त्याचं पूर्ण नाव घेऊन सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे. मला पोलिसांत दिलं तर उलट बरंच, तिथेही हेच सांगेन. ज्यांनी ज्यांनी मला ओतताना पाहिलं त्या एकेकाला साक्षीला बोलवा म्हणेन. आणि ते समोर उभे राहिले की सगळ्यांदेखत विचारीन, तुम्हाला माझा हात दिसला, मग त्याचा का नाही दिसला? हा माझा तुम्हाला शब्द आहे.

तुमचीच,
शालन