सॅटिनची कमळं

आई, आज सकाळी तुझ्या नातीने मी केली होती तीच चूक केली. तुझ्या स्मृतिदिनाची वंदना अकराला आहे. मी आंघोळ करून बाहेर येते तर बुद्धाच्या मूर्तीसमोर माझ्याच ऑर्डरमधली सॅटिनची कमळं गोलात मांडलेली. मांडणी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण माझ्या तोंडून निघाला तो तुझा आवाज. "काढ ती आधी! वंदनेला कुणी कापडाची फुलं ठेवतं का?" ती म्हणाली, "मम्मी, चिल ना. दिवसभर तू हीच बनवतेस, मग इथेच काय प्रॉब्लेम?" आणि पाय आपटत मोगरा आणायला खाली गेली. ती जाताच मी तुला लिहायला बसले आहे. तुझा धाकटा खडवलीहून निघालाय, तो यायच्या आत मला हे लिहून संपवायचं आहे.

कल्याणच्या चाळीतली ती बुद्धपौर्णिमा. मी नुकतीच क्लासला जाऊन कापडी फुलं शिकलेय. मेणबत्तीवर सॅटिनच्या पाकळीची कड शेकली की ती आपोआप वळते, हे मला जादूसारखं वाटतंय. आठवडाभर बोटं भाजून मी पाच कमळं केलेली, आणि अख्ख्या चाळीच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या असताना मी ती ऐटीत मूर्तीसमोर ठेवते. तू उठलीस, एकेक कमळ उचललंस आणि कपाटावर टाकलंस. "फूल ठेवायचं ते कोमेजतं म्हणून गं. हे जसं सुकेल तसं आपलं शरीरही जाणार, हे रोज तोंडाने म्हणतेस ना? मग ही तुझी फुलं काय शिकवणार?" आणि तिथे दोन मलूल मोगरे ठेवलेस. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला तुझा इतका राग आला की नंतर कितीतरी वर्षं तू फुलांचा विषय काढलास की मी खोलीतून उठून जायचे.

त्याच फुलांवर माझं घर उभं राहिलं, हे तू पाहिलंस. कोलशेतच्या या घरी यायचीस तेव्हा एका शब्दाने कौतुक केलं नाहीस. पण दुपारी मी पडले की बादलीत साबणाचं पाणी करून माझ्या धूळ बसलेल्या कापडी फुलांच्या परड्या पाकळी पाकळी पुसायचीस. मी डोळे मिटून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आता ही मला घाण ठेवण्यावरून बोलणार. तू बोलली नाहीस कधी. मीच तुझ्या तोंडी वाक्यं घालून तुझ्याशी भांडत राहिले.

त्या दुपारीही तेच झालं. एका हॉलच्या कमानीची ऑर्डर होती. एका हातात गरम गोंदाची ग्लू गन, दुसऱ्या हातात गुलाबाची फांदी, आणि ओट्यावर फोन वाजला. 'आई'. मला वाटलं, झालं, आता पौर्णिमेला खरी फुलं आणायची आठवण करून देणार. मी फोन घेतला नाही. थोड्या वेळाने तू पुन्हा केलास. नंतर धाकट्याचा आला, तेव्हा सगळं संपलं होतं. तू घरी एकटी होतीस. तुझ्या छातीत दुखत होतं आणि मी इथे गुलाब चिकटवत होते. न कोमेजणाऱ्या फुलांत बसून बसून मला वाटत असावं, तूही थांबशील.

"ताई, तुला लागला नाही का गं तिचा फोन?" तुझ्या मोबाइलवर माझं नाव बघून त्याने विचारलं. मी म्हटलं, "सायलेंटवर होता रे." तेव्हापासून दरवर्षी वंदनेनंतर तो आलेल्या सगळ्यांना कौतुकाने सांगतो, "आईने शेवटचा फोन ताईला केलेला, मला नाही." तो मला मान देतो गं. मला तो घेववत नाही. आज मी ठरवलंय, त्याने ते वाक्य म्हणायच्या आत त्याला बाजूला घेऊन खरं सांगायचं. तो बोलणं टाकेल, टाकू दे.

लेक आली. कमळं खोक्यात भरून तिने मोगरा ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सॉरी मम्मी." उन्हातून आणलेला मोगरा आत्ताच कडेने पिवळा पडायला लागलाय. बेल वाजतेय, तोच असणार. त्याला मी सांगेन की फोन सायलेंटवर नव्हता, हातात गरम गन होती, म्हणून घेता आला नाही. तेवढंच सांगायचं धाडस आहे माझ्यात. हा कागद मी कमळांच्या खोक्यात तळाशी ठेवतेय, कारण पुढचं फक्त तुला सांगायचं आहे. गन हातात होती ती पहिल्या फोनला. दुसरा वाजला तेव्हा माझे हात मोकळे होते, आई. मी तुझं नाव वाचलं आणि फोन पालथा ठेवला.