तीन तारखेचं पान

सोमवार, ३ मार्च

मोठी आज स्वतः खाली आली, माझ्या टेबलापाशी! पर्यवेक्षक झाल्यापासून एरवी शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवते. म्हणाली, वाचनकक्षात एक बाई बाळाला अंगावर पाजते, दोघातिघा वाचकांनी कुरकुर केलीय. उद्यापासून अशी कुणी दिसली की बाहेर काढायची. मी ड्यूटीची वही पुढे ओढली. त्यात आम्ही सगळंच लिहितो – मोडकी खुर्ची, विसरलेली छत्री, वरून आलेली सूचना. तिने वहीवर हात ठेवला. "हे लिहू नकोस. तोंडी आहे. तू आहेस म्हणून सांगतेय."

मला मेलीला बरंच वाटलं. एकवीस वर्षांपूर्वी या वाचनालयात दोघी एकाच दिवशी लागलो. ती उंच म्हणून मोठी, मी धाकटी. सगळे याच नावांनी हाक मारतात. ती वर गेली, मी टेबलाशीच राहिले. पण अडीनडीला अजून मीच आठवते तर!

मंगळवार, ४ मार्च

काढली! कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करणारी ती, पिवळ्या पिशवीवाली. खिडकीजवळ बसली होती, एका हाताने लिहीत, दुसऱ्या हातात बाळ. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हे वाचनालय आहे, बाळंतिणीची खोली नाही." तिने विचारलं, "कुठे लिहिलंय असं?" मी भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे बोट दाखवलं. बाळ तोवर गुपचूप पीत होतं. तिला उठवलं तसं त्याचं तोंड सुटलं आणि त्याने अख्खा कक्ष डोक्यावर घेतला.

ती लालबुंद झाली. खोटं कशाला लिहू – मला मजा आली. आम्ही लपूनछपून पाजलं, आणि या राण्या खिडकीत बसणार! जेवताना मोठीला सांगितलं तर ती हसली, आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्या डब्यात घातलं.

गुरुवार, ६ मार्च

पिवळी पिशवी परत आली. एकटी नाही, आणखी चौघी, प्रत्येकीच्या कडेवर मूल. खिडकीजवळच्या बाकावर ओळीने बसल्या आणि पाजायला लागल्या. चकार शब्द नाही. मी जवळ गेले तर तिने आमचीच छापील नियमावली माझ्यापुढे धरली. "यात दाखवा, मी लगेच उठते."

तेवीस नियम. बाळाचा एकही नाही. 'पेये आणू नयेत' असा एक आहे, पण तो दाखवायची मलाच लाज वाटली.

तिने लेखी तक्रार केलीय. चौदाला साहेबांपुढे सुनावणी. मी निर्धास्त आहे. मोठी आहे की.

सोमवार, १० मार्च

साहेबांनी बोलावून एक कागद दाखवला. 'अशी कोणतीही सूचना देण्यात आलेली नाही. सदर कर्मचाऱ्याने स्वतःच्या मनाने हे वर्तन केले आहे.' खाली मोठीची सही. सदर कर्मचारी – म्हणजे मी! साहेब म्हणाले, दोष सिद्ध झाला तर कामावरून कमी करावं लागेल.

घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता बसून राहिले. केसाने गळा कापला माझा. तोही कुणी? लेक चार महिन्यांची असताना आई तिला दुपारी वाचनालयात घेऊन यायची. मी खालच्या कोटांच्या खोलीत, वाचक रेनकोट ठेवायचे तिथे, ओल्या छत्र्यांमध्ये बसून पाजायची. आणि मोठी बाहेर दाराला पाठ लावून उभी. कुणी विचारलं तर बेधडक सांगायची, धाकटी आत कोट मोजतेय. सात महिने उभी राहिली ती. तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलली, आता माझ्याविरुद्ध बोलली. चेहरा तोच ठेवून बोलली असेल, मला माहीत आहे तो चेहरा.

मंगळवार, ११ मार्च

जिन्यात गाठलं तिला. वाटलं होतं नजर चुकवेल. नाही चुकवली, आणि तेच जास्त लागलं. म्हणाली, तिची बढती पुढच्या महिन्यात आहे. मला कमी वगैरे करणार नाहीत, फार तर समज देतील, ती बोलेल साहेबांशी.

"पण तूच सांगितलंस ना मला?"

"कुठे लिहिलंय?"

एवढं म्हणून वर गेली. गेल्या मंगळवारी त्या पोरीने मला हेच विचारलं होतं.

बुधवार, १२ मार्च

आज तिने डबा वरच खाल्ला.

गुरुवार, १३ मार्च

कुठे लिहिलंय! इथे लिहिलंय की. आज दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या डोक्यात आलं आणि घरी येईपर्यंत धीर धरवेना. ही माझी घरची रोजनिशीची वही काढली. तीन मार्च, तिचा शब्द न् शब्द.

आणि पान उलटलं तर मागे चार मार्च. एकच कागद, पुढे ती आणि मागे मी.

लेकीला सगळं सांगितलं, वही तिच्या हातात दिली. पहिली बाजू वाचून ती उठूनच उभी राहिली – आई, सुटलीस तू! मग तिने पान उलटलं. बराच वेळ वाचत होती. एवढं काही लिहिलेलं नाही तिथे.

"कोटांच्या खोलीत पाजलंस ती मीच ना?" म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, पुढच्याच बाजूची झेरॉक्स काढून दे.

निघालेसुद्धा होते. दुकानापर्यंत गेले आणि परत आले. सोयीचं तेवढं दाखवायचं हे मोठीने केलं, आता मीही तेच करायचं? आणि त्या पोरीला मी सगळ्यांदेखत उठवलं होतं. नोकरी जाईल तर जाईल. मला भीती वाटतेय, पण वही अख्खी देणार.

शुक्रवार, १४ मार्च

सुट्या कागदावर लिहितेय. वही साहेबांकडे जमा आहे.

दोन्ही बाजू मोठ्याने वाचल्या गेल्या. 'मला मजा आली' हेही. कान तापले माझे. मोठीने शांतपणे सांगितलं, अक्षर धाकटीचंच आहे, पण अंगाशी आल्यावर मागाहून लिहिलं असणार, तारखा काय, कुणीही घालेल. साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं.

तेव्हा पिवळी पिशवी बोलली. बाळ मांडीवर पीत होतं, तिने उठायचेही कष्ट घेतले नाहीत.

"साहेब, स्वतःला वाचवायला लिहिलं असतं, तर मागची बाजू कुणी अशी लिहिली असती का?"

साहेबांनी पान पुन्हा उलटून पाहिलं आणि मोठीच्या सहीचा कागद बाजूला सारला. मोठी दाराकडे बघत होती.

मला समज मिळाली, लेखी. उद्या कामावर जायचं आहे.