शेंड्याचा वाक

आबा, आज सकाळी मी पडवीत बसून गळाच्या काठीला दोरा गुंडाळत होते. शेवटची गाठ मारताना मी तुमच्यासारखीच खाकरले. शेजारची सून दारात उभी होती, ती हसली. मला मात्र एकाएकी तुमची इतकी आठवण आली की काम बाजूला ठेवलं आणि हा कागद घेतला. लिहिता येतं तेही तुमच्यामुळेच. भावकीतले म्हणायचे, "पोरीले शिकाडीसन काय करनं शे?" तुम्ही एवढंच म्हणालात, "काठीवर माप तं लिखी ना." आणि मला चौथीपर्यंत शाळेत बसवलंत.

आपल्या प्रकाशा गावच्या काठ्या म्हणजे लांब, जड बुंध्याच्या आणि सुतासारख्या सरळ. तापीचा डोह रुंद, गळ लांब फेकायचा, आणि मरळ लागली की कमरेचा जोर लावून ओढायची. तुम्ही बांबू निखाऱ्यावर शेकायचे, तेल चोळायचे, मग एक डोळा मिटून बुंध्याकडून शेंड्याकडे बघायचे. जरा कुठे वाक दिसला की पुन्हा निखाऱ्यावर. जंगलखात्याचा साहेब यायचा, त्याची काठी तीन तुकड्यांची, पितळी टोपणांनी जोडलेली. "पेटीम्हा नवरी, पानीम्हा माहेरवाशीन," असं तुम्ही तिला म्हणायचे, कारण मासा लागला की तिचे सांधे सुटून ती निघाली माहेरी. आणि डोंगरातली काठी आखूड, हलकी, शेंड्याशी खाली वाकलेली. मी तिला कुत्र्याचं शेपूट म्हणायचे. तुम्ही हसायचे नाही.

नवरा वारल्यावर मी माहेरी आले तेव्हा तुम्ही काही विचारलं नाही, दोऱ्याचं रीळ हातात दिलंत. त्यानंतर ती पडवी हेच माझं जग. माझी गुंडाळणी बघून गिऱ्हाईक वाहवा करायचं. तुम्ही हाताने चाचपून काठी बाजूला ठेवायचे, एवढंच. वाईट म्हणत नव्हता, पण चांगलंही कधी म्हणाला नाहीत, आणि मी त्या एका शब्दासाठी आसुसलेली असायचे.

मग धडगावकडचा तुमचा तो डोंगरातला मित्र बाजाराला आला. त्याच्या काठीच्या बुंध्याला तडा गेला होता. ती दुरुस्तीला टाकून तो मिठाच्या दुकानाकडे गेला. तुम्ही काठी उचललीत, शेंड्यावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "आसा हात आपलाकडे कोनाच नही शे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी तुम्ही नदीवर गेल्यावर मी निखारे फुलवले आणि तो वाक शेकून शेकून काढून टाकला. डाळ शिजते तेवढ्या वेळात काठी आपल्या काठ्यांसारखी सरळ झाली.

तुम्ही परत येऊन काठी बघितलीत आणि तशीच हातात धरून बसलात. मग म्हणालात, "ज्यानी काठी त्यानी रीत. तू कोन तिले सरळ करनारी? माले इचारानं व्हतं." आयुष्यात तुम्ही मला एवढंच काय ते रागावलात. मी म्हटलं, "माले काय माहीत? त्यानी बोली माले कोठे समजस?" तुम्हाला ते पटलं. संध्याकाळी तो आला तेव्हा मी बोलायच्या आत तुम्हीच पुढे झालात: "मन्हा हातथून चूक व्हई गयी." त्याने शेंड्यावर अंगठा फिरवला, आणि त्याला येणाऱ्या चार अहिराणी शब्दांतले दोन वापरले. "आंधयी व्हयनी," म्हणाला, काठी आंधळी झाली. भांडला नाही, बदल्यात तुम्ही देऊ केलेली आपल्याकडची काठीही घेतली नाही. उठून चालता झाला.

चार दिवसांनी तुम्ही गाडी जुंपलीत, आपली सगळ्यांत चांगली काठी घेतलीत, मलाही घेतलंत. घाट चढून त्याच्या घरी पोचलो तेव्हा त्याच्या बायकोने चुलीपुढे बसवून गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवण झाल्यावर त्याने घरामागचं बांबूचं बेट दाखवलं. कोवळ्या बांबूंचे शेंडे वेलीने ओढून बांधलेले, वेलीला दगड टांगलेले. तिथे मला कळलं की तो वाक शेकून कोणी करत नाही, तो बांबूतच वाढवतात. ओढ्यातले मासे मोठ्या दगडांच्या पोटाखाली बसतात, आणि वाकलेला शेंडाच तेवढा तिथे डोकावू शकतो. त्याने दोन बोटं दाखवली. दोन पावसाळे.

मग त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. वेल माझ्या हातात दिली आणि एक शेंडा माझ्याकडून बांधून घेतला.

दोन पावसाळ्यांनी त्याने तो बांबू कापून पाठवला. तुम्ही त्याला तापीकाठचा भक्कम बुंधा लावलात, मध्ये साहेबाच्या मोडक्या काठीचं पितळी टोपण, आणि गुंडाळणी मला करायला सांगितलीत. झाल्यावर चाचपून बघितलंत, काठी माझ्या मांडीवर ठेवलीत. "हाई तुन्ही. आते आसा हात आपलाकडे शे."

तो शब्द मला मिळाला, आबा. त्यावर मी उभा जन्म काढला. आज धडगावचे लोक आणि तापीवरचे लोक, दोघंही माझ्याकडे काठी करायला येतात, आणि मी प्रत्येकाला आधी विचारते, तुमच्याकडची रीत काय.

पण त्या पहिल्या दिवशी, मिठाच्या दुकानाकडे जाताना, तडा गेलेली काठी त्याने माझ्याच हातात दिली होती. तुम्ही आत पाणी पीत होता. त्याने शेंड्याकडे दाखवलं, स्वतःचं बोट वाकवून धरलं, दुसऱ्या हाताने ते सरळ करायला गेला आणि मान हलवून नको नको म्हणाला. बोटाला कसली आली बोली? मला सगळं समजलं होतं. त्यालाही ठाऊक होतं की मला समजलंय, आणि त्याने तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हा कागद घडी घालून दोऱ्याच्या डब्यात ठेवते. तुमचा तो शब्द मी खोटं बोलून मिळवला. तो परत करावा असं फार वेळा मनात आलं, आबा. पण देववत नाही.