यादीतलं नाव

अंथुर्णे, ता. इंदापूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विजूस,

आबाचा आशीर्वाद. जावईबापूंना आणि आमच्या प्रतिक्षालाही. इथं घरी सगळं ठीक आहे. थंडी पडल्यापासून तुझ्या आईचा गुडघा दुखतोय, पण ऐकते कुठं, रोज सकाळी गोठ्यात जातेच. शंभूराजला दुकानात मान वर करायला सवड नाही. गव्हाच्या बियाण्याची गडबड आहे. कारखाने चालू झाल्यामुळं उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, समोर चहाला जायचं तर रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागतात.

सकाळी आपण फोनवर बोललोच. तरी दुपारी हे पत्र घेऊन बसलोय. तू म्हणालीस, "आबा, परदेशाचं नीट सांगितलंच न्हाय तुमी. नुसतं बोटीवरचं जेवणच सांगताय." खरं आहे ते. जेवणाचं सांगणं सोपं होतं.

आता नीट सांगतो.

बियाण्याच्या कंपनीनं यंदा आमच्यासारख्या चाळीस दुकानदारांना दिवाळीनंतर समुद्रातल्या बोटीची सहल दिली, ते तुला ठाऊकच आहे. बोट कसली, अकरा मजली इमारत पाण्यावर सोडून दिलेली. माझ्या खोलीत इंदापूरचे वाजिदभाई होते, ते खतांचं दुकान चालवतात. त्यांना बऱ्यापैकी इंग्रजी येतं, म्हणून मी आठ दिवस त्यांची पाठ सोडली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बोट तुर्कस्तानात कुशादासी नावाच्या बंदराला लागली. तिथून अर्ध्या तासावर एफेसस नावाचं दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर आहे, पडझड झालेलं. तुला नाव माहीत असणार. मी पहिल्यांदाच ऐकलं.

कंपनीची बस साडेसातला सुटणार होती. वाजिदभाईंना मनासारखा चहा मिळेना, ते तिसऱ्यांदा उठले आणि तेवढ्यात बस गेली. मी म्हटलं, राहू दे, बोटीवरच बसू. ते म्हणाले, "बिरदेवराव, समुद्र काय चार दिस बघतोयच की. चला, आपला आपण माणूस करू." बंदराच्या फाटकाबाहेर गाईड लोक हातात पाट्या घेऊन उभे होते. त्यांत एक बाई होती. तुझ्याच वयाची असेल. डोक्याला रुमाल बांधलेला, पायांत धुळीनं भरलेले बूट. नाव नेरमिन. वाजिदभाईंनी तिलाच ठरवलं.

गाडीत बसल्यापासून वाजिदभाई आणि ती शब्द जुळवत होते. तिच्या बोलीतही दुकानाला दुकानच म्हणतात, हवेला हवा, साबणाला साबून. वाजिदभाई भलतेच खूश. "बिरदेवराव, ही तर आपल्याच शिवारातली निघाली!" मीही हसलो. तोवर सगळं बरं चाललं होतं.

विजू, तिथं संगमरवराचा रस्ता आहे. त्यावर रथांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत. पंचवीस हजार माणूस बसेल असं दगडी नाटकगृह आहे. एका ग्रंथालयाची दोन मजली भिंत नुसती उभी आहे, मागं पुस्तकांचा पत्ता नाही. पूर्वी समुद्र गावाला लागून होता, नदीनं गाळ आणून टाकला, समुद्र लांब गेला आणि गाव उठलं. मी हात मागं बांधून चालत होतो आणि कळलं न कळलं तरी मान हलवत होतो. खरं सांगू, मनात म्हणत होतो, दगडच आहेत, किती बघायचे.

मग ती रस्त्याकडेला पडलेल्या एका दगडापाशी गुडघे टेकून बसली. दगडावर अक्षरं होती. तिनं तळहातानं त्यावरची धूळ पुसली. एकदा उभी, एकदा आडवी. मग मान तिरकी करून वाचायला लागली.

तू अशीच बसायचीस. दहा-अकरा वर्षांची होतीस. वेशीजवळ जे वीरगळ आहेत ना, त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल आणि शेंदूर. तू घरनं चिंध्या नेऊन ते पुसत बसायचीस. साखरबाई म्हातारी काठी आपटत अंगावर आली होती, "देवाचं त्याल पुसतीस व्हय गं?" आणि तू म्हणालीस, "आज्जे, द्येव न्हाय त्यो. लढाईत मेलेला माणूस हाय. त्याचं नाव सापडतंय का बघतीय." म्हातारी दुकानात येऊन मलाच ओरडून गेली. मी तुला रागावलो नाही. उलट तुझ्यासाठी शंभर पानी वही आणली. तेवढं मी केलं होतं, ते मला आठवतं.

मग नेरमिन आम्हाला डोंगरउतारावरच्या घरांत घेऊन गेली. वर मोठं छप्पर घातलंय. आत लांबच लांब टेबलं आणि त्यांवर संगमरवराचे हजारो तुकडे मांडलेले. भिंतीचे फुटलेले तुकडे जुळवायचं काम चालतं तिथं. दोन मुली एकेक तुकडा उचलून लावून बघत होत्या. नेरमिन म्हणाली, शिकत असताना मी दोन उन्हाळे ह्याच टेबलाशी होते. तिचा बाप अंजिराच्या बागा करणारा. पोरीनं हे शिकायचं म्हटल्यावर वर्षभर तिच्याशी बोलला नाही. मग एक दिवस अंजिरांची पाटी घेऊन आला, सकाळपासून त्या छपराखाली बसून राहिला आणि जाताना म्हणाला, "उन्हात डोकं झाकत जा." तेव्हापासून दर वर्षी येतो म्हणे.

तिनं मला विचारलं, तुम्हाला मुलंबाळं काय? मी माझ्या इंग्रजीत म्हणालो, वन सन, शॉप. वन डॉटर, मॅरेज.

वाजिदभाई मध्येच म्हणाले, "अवो, सगळं सांगा की तिला! ह्यांच्या पोरीला हेच शिकायचं हुतं. पुण्याला मुलाखत दिऊन आलती. नंबर न्हाय लागला बिचारीचा." आणि त्यांनी ते तिला इंग्रजीत सांगितलं.

नेरमिननं छातीवर हात ठेवला. म्हणाली, पहिल्या वर्षी यादीत माझंही नाव नव्हतं. मी पुन्हा परीक्षेला बसले. तुमच्या मुलीला सांगा, याद्या चुकतात. तिनं पिशवीतनं चित्राचं कार्ड काढलं आणि त्यावर तुझ्यासाठी चार ओळी लिहिल्या. ते कार्ड ह्या पाकिटात आहे.

मी ते घेतलं. थँक्यू म्हणालो. तिथल्या बाकावर बसलो तो उठवेना. त्यांना वाटलं, उन्हानं झालं.

विजू, यादी चुकली नव्हती. तुझं पत्र आलं होतं.

२०१४ सालचा जून. तू आणि तुझी आई निरवांगीला मावशीकडं गेला होता. पोस्टमन भिमाअण्णा पाकीट दुकानात देऊन गेले. तुझं नाव होतं, पण मी फोडलं. निवड झाली आहे, चौदा जुलैच्या आत हजर व्हावं, असं लिहिलं होतं. मी तीनदा वाचलं. आधी आनंदच झाला. खोटं नाही सांगत. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला सांगायला तोंडही उघडलं होतं.

पण सांगितलं नाही.

माझ्या बापाची सगळी हयात मेंढरांमागं पालात गेली. मी कुठल्या गावच्या रानात जन्मलो ते माझ्या आईलाही सांगता यायचं नाही. हे घर बांधलं तेव्हा पहिल्या दिवशी मी दार नुसतं उघडत होतो आणि लावत होतो. आणि तू मुलाखतीहून आलीस ती हरखून सांगायला लागलीस, "आबा, चार-चार महिने तंबूत ऱ्हायाचं, माती उकरायची." मला वाटलं, जे पाल मी मोडलं ते माझी पोर पुन्हा उभारतेय. त्यातच लासुर्ण्याच्या पाहुण्यांनी जावईबापूंचं स्थळ सुचवलेलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. शिक्षणाची दोन वर्षं कोण थांबणार, असं माझं मीच ठरवलं. कुणाला विचारलं नाही. ही कारणं खरी आहेत, पण ती लिहून काढल्यावर एवढीशी दिसतात.

लासुर्ण्याला जाताना कालव्यावर गाडी थांबवली आणि पाकीट पाण्यात टाकलं. ते लगेच बुडलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस तू रोज दुकानात येऊन विचारायचीस, "आबा, टपाल?" मी म्हणायचो, न्हाय गं. शेवटी तू म्हणालीस, फोन लावा की. मी गोदामामागं गेलो, फोन कानाला धरला आणि कुणाशीच न बोलता बोललो. येऊन सांगितलं, "यादीत नाव न्हाय म्हणत्यात." तू तेव्हा रडली नाहीस. आत जाऊन पुस्तकं बांधलीस. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसलीस आणि मी डोक्यावरनं हात फिरवल्यावर मग रडलीस.

त्याच आठवड्यात बारामतीहून तुला स्कूटी आणली. तू ही गोष्ट लग्नात सासरच्यांना सांगितलीस, प्रतिक्षाच्या बारशाला सांगितलीस. "नंबर लागला नाही तेव्हा आबांनी मला सावरलं." मी खाली मान घालून बसायचो. लोकांना वाटायचं, माणूस किती साधा.

त्या संध्याकाळी बोटीवर वाजिदभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "बिरदेवराव, हे मला सांगून काय उपेग? जिचं हाय तिला सांगा." घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती, हात थांबला. म्हणाली, "मला वाचाया येत न्हाय. तुमाला येत हुतं." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तुझा संसार चांगला आहे, म्हणजे झालं ते बरंच झालं, असं मी अकरा वर्षं मनाला सांगत आलो. तू फोनवर हसलीस की मला तेवढ्यापुरतं खरं वाटायचं. माफ कर म्हणत नाही. तसं म्हटलं तर तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. पुढच्या रविवारी फोन आला नाही तर मी समजून घेईन.

शेवटी आबा लिहायला हात होईना.

बिरदेव

*

सांगली
२७ नोव्हेंबर २०२५

आबा,

पत्र मिळून बारा दिवस झाले. पहिल्या दिवशी अर्धंच वाचलं. एफेससचं वाचताना मी मोठ्यानं हसत होते आणि प्रतिक्षाला बोलावून वाजिदकाकांच्या शब्दांची गंमत सांगत होते. मग पुढचं वाचलं.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला कोणी विचारलं असतं तर थांबलो असतो की दोन वर्षं." ते मला जास्त लागलं.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. त्या मुलाखतीत एका सरांनी माझ्या हातात खापराचा तुकडा दिला आणि विचारलं, हे काय असेल? मी म्हणाले, पणतीचं बूड. सरांनी तुकडा परत घेतला. एका बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. यादीत नाव नाही असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा मला वाटलं, इथंच चुकलं. अकरा वर्षं मी ते उत्तर दुरुस्त करत होते, आबा. भांडी घासताना, बसमध्ये, प्रतिक्षाच्या वेळी दवाखान्यात पडून असतानासुद्धा. वाटी असेल. झाकण असेल. खापरांवरची मिळतील ती पुस्तकं वाचली. पुन्हा अर्ज केला नाही, कारण मला वाटायचं, आपल्याला ती नजरच नाही. नेरमिन पुन्हा बसली. मीही बसले असते.

पणतीच असेल ती, नाहीतर निदान माझं उत्तर त्यांना चाललं होतं. हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

तुम्ही दोन वर्षं घेतलीत असं तुम्हाला वाटतंय. माझा माझ्यावरचा भरवसा घेतलात तुम्ही, आणि वर मी तुमचे आभार मानत राहिले.

मला फार राग आलाय. तो लवकर जाईल असं वाटत नाही. संक्रांतीला मी येणार नाही. आईच्या गुडघ्याचं तेल कुरिअरनं पाठवलंय, शंभूला सांगून आणवा. रविवारी तुम्ही फोन करू नका. बोलता येईल तेव्हा मी करीन. कधी, ते माझं मलाच माहीत नाही.

आणि पत्राखाली बिरदेव अशी सही पुन्हा करू नका. बिरदेव नावाच्या माणसाशी मला काही भांडायचं नाही. मला माझ्या आबांशी भांडायचंय.

विजू